प्रेसचं तेल आणि अमेरिकन ब्रेक

तीस वर्षं यंत्र नीट चालवणाऱ्या माणसाच्या हातून एक चूक झाली, तर त्याला कामावरून काढण्याआधी तुम्ही त्याला एक तरी प्रश्न विचाराल का? हो म्हणायची घाई करू नका. यवतमाळच्या आमच्या शेडमध्ये त्या शनिवारी चूक पकडणारी चार माणसं उभी होती. त्याला काय सांगितलं होतं, हे एकानेही विचारलं नाही. त्या चौघांत मीही होतो.

सकाळी घाटंजी रोडवर ट्रायल घेऊन मी गाडी परत आणली, तेव्हा चारही चाकं तापली होती आणि पुढच्या उजव्या चाकातून धूर येत होता. पेडलवरून पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. चाकातल्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी शिंपडलं, तर थेंब चरचरत उडाले. आणि दुसऱ्या दिवशी हीच गाडी घाटंजीला न्यायची होती. गाडी सांभाळणारे भाऊराव ती चालवणार होते.

गाडी भैयाजींची. अमेरिकन, सहा सिलिंडरची, फिकट हिरवी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जिल्ह्यात तशी एकच आहे. भैयाजींच्या आजोबांनी कापसाच्या भरभराटीत ती घेतली होती. मी सांगतोय ती वर्षं मात्र कापसाच्या पडझडीची. एकेक जिनिंग बंद पडत होती. जिनिंग म्हणजे जिथे कापसातून सरकी वेगळी करतात आणि रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. भैयाजींचीही बंद पडली. गाठी दाबायच्या प्रेसवर भाऊराव फिटर होते. बाकीचे कामगार गेले, भाऊरावांना गाडी सांभाळायला ठेवलं. जिथे हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, तिथे आता दर रविवारी जुन्या गाड्यांचे शौकीन जमायचे. क्रोमच्या बंपरवरून बोट फिरवायचे. मला ते पाहून चीड यायची. पण खोटं कशाला लिहू, त्या इंजिनाचा आवाज ऐकला की मीही हातातलं काम विसरायचो. त्या सगळ्यांच्या गाड्यांचा मेकॅनिक मीच होतो.

भाऊरावांनी जॅक लावला. चाक हाताने फिरेना.

"जाम झालं काय रे?"

"थांबा, काकाजी."

मी चाकामागचा ब्लीडर सैल केला. ब्लीडर म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा काढायचा छोटा स्क्रू. तेलाची पिचकारी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे बिघाड चाकात नव्हता. नळीत दाब अडकून पडत होता.

असे ब्रेक कसे चालतात ते सांगतो. पेडल दाबलं की एका सिलिंडरमधलं तेल नळीतून चारही चाकांकडे ढकललं जातं. पाय काढला की ते एका बारीक भोकातून मागे फिरतं. तेल गळू नये म्हणून आत रबराच्या वाट्या असतात, त्यांना कप म्हणतात. कप फुगला तर ते भोक झाकलं जातं. तेल मागे येत नाही, ब्रेक लागलेलाच राहतो. फुगलेला कप शेवटी मऊ पडून उलटतो. मग पेडल थेट जमिनीला टेकतं आणि ब्रेक राहतच नाही.

पण कप फुगावा कशाने? तो मी तीन महिन्यांपूर्वीच नवा घातला होता. मी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि ब्लीडरमधून निघालेलं तेल त्यात टाकलं. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं. इथे मात्र वर पिवळसर तवंग आला.

भाऊरावांनी बोट बुडवून वास घेतला.

"हे तं आपल्या प्रेसचं तेल हाय."

"यात कसं आलं?"

"म्याच टाकलं ना. लेव्हल उतरली होती. ब्रेक बी हायड्रॉलिक, प्रेस बी हायड्रॉलिक. गोदामात चांगले बंद डबे पडून राह्यले होते." त्यांनी बोट फडक्याला पुसलं. "चुकलं का?"

ही चूक दुसऱ्या कोणत्याही ड्रायव्हरने केली नसती. तो दुकानात गेला असता. भाऊरावांनी त्या तेलावर तीस वर्षं प्रेस चालवली होती, आणि तेलाने त्यांना कधी दगा दिला नव्हता. प्रेसचं रबर त्या तेलासाठीच बनवलेलं असतं. गाडीचं नसतं.

तेवढ्यात भैयाजी आले. सोबत डॉक्टरसाहेब आणि सरकारी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फोरमनसाहेब. दोघांकडेही जुन्या अमेरिकन जीप. तिन्ही गाड्यांचा ताफा न्यायचं ठरलं होतं. मी झालेला प्रकार सांगितला.

"मग ब्रेक ढिला करून दे ना," भैयाजी म्हणाले. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"ढिला केला तरी कप फुगत राहील. कधी उलटेल ते सांगता येत नाही."

"हळू चालवू रे. वीसच्या स्पीडने."

"भैयाजी, तुम्ही गाडी बाजारातून नेणार. समोर बाया टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. वीसच्या स्पीडने गाडी अंगावर आली तर टोपली घेऊन उठायलाही वेळ मिळत नाही."

"तू मेकॅनिक आहेस की पुढारी?"

"दुसरा मिस्त्री बोलवा. मी ही गाडी सोडणार नाही."

मी मोर्च्यांची पत्रकं वाटत वाढलो. मालकासमोर आवाज चढवायला मला फार बळ लागत नाही. डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले, "राहू दे यार, माझ्या जीपमध्ये बस उद्या." फोरमनसाहेबांनीही मान हलवली. भैयाजींनी माघार घेतली. पण राग कुठेतरी निघायचा होताच. ते भाऊरावांकडे वळले.

"तीस वर्षं फिटर म्हणून राहिलात, आणि तेल ओळखता येत नाही? उद्यापासून येऊ नका."

भाऊरावांनी माझ्याकडे पाहिलं. मागायचं काही नव्हतं त्या नजरेत. ते नुसते पाहत होते, मी बोलतो की नाही.

कारण एक गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. तीन महिन्यांपूर्वी कप बदलल्यावर मी त्यांना म्हणालो होतो, "काकाजी, लेव्हल उतरली तर भरत जा." कशाने भरायची ते सांगितलं नव्हतं. डबा ठेवला नव्हता. या गाडीत ब्रेक तेलाची टाकी ड्रायव्हरच्या पायाखाली असते, चटई उचलली की झाकण दिसतं. झाकणावर सूचना कोरलेली आहे, बारीक इंग्रजीत. भाऊराव चौथी शिकलेले. गाडीत पालथं पडून त्यांनी ती कशी वाचावी?

बाजारातल्या बायांसाठी मी लगेच ओरडलो होतो. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नव्हती. शेजारी उभ्या माणसासाठी मात्र जीभ उचलेना, कारण तिथे माझं नाव येणार होतं. भाऊराव पिशवी घ्यायला वळले, तेव्हा मी बोललो.

"भैयाजी, भरा म्हणून मीच सांगितलं होतं. काय भरायचं ते सांगितलं नाही. चूक माझी आहे."

"मग आतापर्यंत काय करत होतास?"

"भीत होतो."

फोरमनसाहेब जीपला टेकून उभे होते. ते म्हणाले, "आमच्या वर्कशॉपमध्ये याला सुपरव्हायझरची चूक म्हणत." भैयाजी गेले. जाताना एवढंच म्हणाले, "आधी गाडी दुरुस्त करा. मग पाहू."

रविवारचा ताफा दोन जीपचाच गेला. आम्ही दोघांनी गाडी उघडली. एकेक कप काढला, बोटाने दाबला की लोण्यासारखा दबायचा. या गाडीचे सुटे भाग आपल्याकडे मिळत नाहीत, पण कप मापाने मिळतात. सिलिंडरच्या भोकाचं माप घ्यायचं आणि त्या मापाचा आजच्या एखाद्या गाडीचा कप शोधायचा. मी नागपूरहून आणले. तीन रबरी नळ्याही बदलल्या. लोखंडी नळ्या भाऊरावांनी स्पिरिटने धुतल्या. एकदा नाही, चारदा. दर वेळी ग्लासात पाणी घेऊन निघालेलं स्पिरिट त्यात टाकायचे आणि उजेडात धरून पाहायचे.

"आता साफ झालं, काकाजी."

"एक डाव अजून. तुह्या सांगण्यावर भरोसा नाही ठेवत मी आता."

मी हसलो. ते हसले नाहीत.

ट्रायल त्यांनीच घेतली. उतारावर तीनदा ब्रेक दाबला, खाली उतरून चारही ड्रमला हात लावला. थंड होते. फाटकात भैयाजी उभे होते. त्यांनी बरंच मन घट्ट करून सांगितलं, "भाऊराव, काम चालू ठेवा. फक्त ब्रेकला हात लावू नका."

भाऊरावांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"गाडी सांभाळाची, अन् ब्रेकले हात नाही लावाचा? मंग म्या कायले राहू, भैयाजी? फडकं माराले?"

ते थांबले नाहीत. मी फाटकापर्यंत मागे गेलो. "काकाजी, माझ्यामुळे..." म्हणालो.

"बोललास ना शेवटी. बस झालं." मग थोडं पुढे जाऊन वळले. "पण लवकर बोलत जाय."

महागावकडे एका जिनिंगला हंगामापुरता फिटर हवा होता, तिथे ते लागले असं नंतर कळलं. हंगाम संपल्यावर काय, ते मला माहीत नाही. गाडीचे ब्रेक आजही उत्तम आहेत. मी शिकलो ते एवढंच: ज्याला काम सांगता, त्याला पूर्ण सांगा. अर्धं सांगितलेलं काम बिघडलं, तर उरलेला अर्धा दोष सांगणाऱ्याचा असतो.

आता एक विनंती. तुमची गाडी, पंप, फवारणीचं मशीन, जे काही दुसऱ्याच्या हाती देता, त्याच्यापाशी उद्या सकाळी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन जा. झाकणावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा, आत काय टाकायचं आणि काय टाकायचं नाही. चालवणाऱ्याला वाचता येत नसेल, तर योग्य तेलाचा डबा आणि ते झाकण, दोन्हींवर एकाच रंगाचा पट्टा ओढा. मग त्याला जवळ बोलवा आणि विचारा, "कळलं का?" तो नाही म्हणाला, तर पुन्हा सांगा.