मार्लिसने नोकरी सोडली नव्हती

मार्लिस ओयालाने नोकरी सोडली नव्हती. हे वाक्य त्या हिवाळ्यात तिने इतक्या जणांना ऐकवलं, की किराणा दुकानातली मुलगी तिला दारात पाहताच म्हणायची, "माहीत आहे, मार्लिस, नव्हती सोडलीस. अंडी देऊ का?"

मी तेव्हा तिच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि ती जिथे काम करायची त्याच नॉर्डीन कंपनीत डांबराची तपासणी करत होतो. रस्त्यावर घातलेलं डांबर नीट दाबलं गेलंय का हे मी यंत्राने बघायचो, दाबायची मार्लिस. नवरा वारल्यापासून ती रोलरवर होती. साठीला आलेली, रुंद खांद्यांची, जिभेला धार असलेली बाई.

सुपीरियर सरोवराच्या आमच्या काठावर नोव्हेंबरात जमीन गोठते, डांबराची भट्टी विझते आणि एप्रिलपर्यंत सगळ्यांना घरी बसवतात. यात कुणाला अपमान वाटत नाही. शेवटच्या दिवशी मालक हात मिळवतो, लोक हरणाच्या शिकारीला जातात आणि राज्य सरकारकडे बेकारभत्त्याचा अर्ज करतात. सरकार मालकाला विचारतं, याला का कमी केलंत? मालक कळवतो, हंगाम संपला, वसंतात परत घेऊ. की भत्ता सुरू. म्हातारे एमिल नॉर्डीन होते तोवर यात कधी खोट आली नाही.

आणखी एक रीत होती, ती मात्र कुठल्याच अर्जात येत नसे. घरी बसवलेली माणसं हिवाळ्यात अधूनमधून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जायची आणि आपापली यंत्रं दुरुस्त करायची. पगार नाही. सरकार पोटाला देतंय, मग मालकाचं थोडं काम केलं तर काय बिघडलं, असा सगळ्यांचा समज. एमिल बदल्यात हरणाचं मांस द्यायचे. त्यांच्यामागे मुलगा कर्ट नुसती कॉफी पाजायला लागला. दर आठवड्याला सरकारला कळवावं लागतं, या आठवड्यात काम केलं की नाही. सगळे कळवायचे, नाही. मार्लिससुद्धा.

त्या दिवशी ती रोलरच्या ड्रमाला चिकटलेलं डांबर खरवडणाऱ्या पट्ट्या बदलून आली होती. कर्टने स्वतःच्या हाताने कॉफी आणून दिली, गुडघा कसा आहे विचारलं. घरी आली तर टपालपेटीत पत्र. मालकाच्या सांगण्यानुसार तुम्ही आपणहून नोकरी सोडली आहे, म्हणून भत्ता नामंजूर.

तिने आधी हसून मला पत्र दाखवलं. कुठल्यातरी कारकुनाने दुसऱ्याच बाईचं उत्तर आपल्याला पाठवलं असेल, म्हणाली. मग कर्टला फोन लावला. तो गोड बोलला. भत्ता घेणारं प्रत्येक माणूस कंपनीचा कर वाढवतं, हे त्याने समजावून सांगितलं. त्याच्या बायकोच्या भावाला, ट्रेंटला, रोलर द्यायचं ठरतच होतं. आणि मार्लिसच तर ऑक्टोबरात सगळ्यांसमोर म्हणाली होती ना, की दुसरा कुणीतरी बघा?

म्हणाली होती, पण कशावरून ते गावाला ठाऊक होतं. ट्रेंटने चर्चच्या आवारात डांबर असं दाबलं की खळग्यांत पाणी साचलं, तेव्हा ती खानावळीत म्हणाली होती, "दुसरा कुणीतरी बघा रे, नाहीतर पाद्रीबाबांना वेदीपर्यंत होडीने जावं लागेल." सगळी खानावळ हसली होती. कर्टही तिथेच होता. तो हसला नव्हता.

फोन ठेवून ती सौनात, अंगणातल्या वाफेच्या खोलीत, जाऊन बसली. बाहेर आली तेव्हा लालबुंद झाली होती. घर गरम ठेवायचा हिवाळाभराचा गॅस त्या भत्त्यावरच यायचा; पण गॅसबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "माझ्यासाठी कॉफी ओतत होता, तेव्हा ते उत्तर त्याने पाठवून झालं होतं. आधी ते पाठवलं, मग माझा गुडघा विचारला."

मी म्हटलं, अपील कर. ती म्हणाली, अपील तर करीनच, पण मला त्याला शपथेवर बोलताना ऐकायचंय.

जानेवारीत फोनवर सुनावणी लागली. आमच्याकडे ती फोनवरच होते. न्यायाधीश एकीकडे, मालक एकीकडे, कामगार आपल्या स्वयंपाकघरात. अडचण एकच होती. तिने नोकरी सोडली नव्हती याला पुरावा काय? शेवटच्या दिवशी हात मिळवला, त्याची पावती कुणी देत नाही. पुरावा होता तो वर्कशॉपचा. नोकरी सोडलेली बाई मालकाच्या गॅरेजात त्याच्या रोलरखाली आडवी कशाला पडेल? पण हे सांगायचं म्हणजे आपण काम करत असताना सरकारला नाही म्हणून कळवलं, हेही सांगायचं.

सुनावणीच्या सकाळी मेकॅनिक रूबेन आला. तीस वर्षं तिच्याबरोबर काम केलेला माणूस. तिच्या डोक्यात काय शिजतंय हे त्याने ओळखलं होतं. पेस्टीची, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंज्यांची, पिशवी टेबलावर ठेवून तो बसला, पण त्याने कोट काढला नाही.

"मार्लिस, तू आम्हा सगळ्यांना बुडवशील."

"मी कुणाचंच नाव घेणार नाही. फक्त माझं."

"शपथ?"

"आईच्या थडग्याची."

त्यावर त्याने कोट काढला. फोन आला. तिने तो आवाज मोठा करून टेबलाच्या मधोमध ठेवला.

न्यायाधीश बाई होत्या, आवाजावरून थकलेल्या. त्यांनी दोघांना शपथ दिली. कर्टने आधी सांगितलं: बाईंचं वय झालं, गुडघा दुखतो, त्या स्वतःच म्हणाल्या दुसरा कुणीतरी बघा, मी त्यांच्या इच्छेचा मान राखला. इतकं मऊ बोलला की क्षणभर मलाही खरं वाटलं.  मार्लिसच्या चेहऱ्यावर मी इतकी शांतता कधी पाहिली नव्हती. डांबर गरम असताना रोलरवर ती अशीच असायची.

तिची पाळी आली. तिने सांगितलं की नोकरी सोडल्यानंतरही, म्हणजे हे जसं म्हणतात तसं सोडल्यानंतरही, ती त्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करत होती. रोलरच्या पट्ट्या, तेल, ड्रमाचा रंग. ते कॉफी आणून देत होते.

"पगार मिळत होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही मॅडम. कॉफी."

"हे तुमच्याही विरुद्ध जाईल, कळतंय का तुम्हाला? तुम्ही काम केलेलं नाही असं कळवलंय. आधीचे हिवाळेही तपासले जातील."

"कळतंय मॅडम. लिहून घ्या."

रूबेनने डोळे मिटले. न्यायाधीशांनी कर्टला विचारलं, या बाई तुमच्या वर्कशॉपमध्ये होत्या का? फोनमधून त्याच्या खुर्चीची कुरकुर ऐकू आली. नाही म्हणावं तर शपथेवर खोटं, आणि गावातल्या निम्म्या लोकांनी तिला तिथे पाहिलेलं. हो म्हणावं तर सरकारला पाठवलेलं उत्तर खोटं.

"होत्या मॅडम," तो म्हणाला. मग घाईघाईने, "पण ते काही खास त्यांचंच नाही. आमच्याकडे सगळेच येतात. वडिलांच्या वेळेपासून."

"सगळे म्हणजे कोण?"

आणि कर्टने नावं सांगितली. कुणी विचारण्याआधी कुणाचं काय यंत्र तेही सांगितलं. जितकी नावं जास्त तितका आपला वाटा कमी, असं त्याला वाटलं असावं. तिसरं नाव रूबेनचं होतं. आपल्याच तोंडासमोर, पेस्टीच्या पिशवीशेजारी, मालकाच्या आवाजात रूबेनने ते ऐकलं.

फोन बंद झाल्यावर त्याने पिशवी बाजूला सारली. मग म्हणाला, "तो नावं घेणार, हे तुला माहीत होतं."

"मी तुझं नाव घेतलं नाही, रूबेन."

"मी ते विचारलं नाही."

 तिने त्याच्यापुढे कॉफीचा मग सरकवला. त्याने तो घेतला नाही. कोट घालून निघून गेला.

निकाल तिच्या बाजूने लागला. नोकरी सोडलेली नव्हती, हे सरकारने कागदावर मान्य केलं. त्याच पाकिटात दुसरा कागद होता: काम केलेल्या आठवड्यांचा भत्ता मिळणार नाही, आणि मागच्या हिवाळ्यांचा घेतलेला दंडासकट परत करायचा. बाकीच्यांनाही तसेच कागद आले. पण त्या सगळ्या माणसांनी केलेल्या फुकट कामाचा पगार आणि बुडवलेला कर कर्टला भरावा लागणार होता, इतक्या वर्षांचा. मार्लिसने वरच्या दोन खोल्यांचा गॅस बंद केला, मला खाली सोफ्यावर आणलं आणि लाकडाच्या चुलीवर हिवाळा काढला. तक्रारीचा शब्द नाही. एकदा फक्त म्हणाली, "हप्त्याने फेडतेय. लोक याहून वाईट गोष्टी हप्त्याने घेतात."

गावाने तिच्यावर राग धरायचा तर मधे कर्ट उभा होता. नावं त्याने घेतली होती. बर्फ वितळायच्या आतच अर्ध्या लोकांनी पलीकडच्या जिल्ह्यात काम धरलं. ट्रेंटसुद्धा गेला.

एप्रिलमध्ये कर्ट आला. ती अंगणात सौनासाठी लाकडं फोडत होती. मी फोडलेली रचत होतो. तो फाटकातच थांबला. सरकारी रस्त्याचं काम पदरात होतं आणि माणसं नव्हती. रोलर तुझाच, पगार वाढवतो, म्हणाला. वडिलांचं नावही काढलं.

तिने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. कामाला नकार दिला तर उरलेला भत्ताही जातो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"कर्ट, बाळा," ती म्हणाली, "सरकारला एक पत्र टाक. लिही, मार्लिस ओयालाने आपणहून नोकरी सोडली. मी सही करते."

तो काहीतरी म्हणायला गेला. तिने पुढचा ओंडका उभा केला आणि मला जरा मागे सरकायला सांगितलं. गाडी वळून जाण्याचा आवाज येईपर्यंत ती फोडत राहिली, आणि नंतरही. रूबेनने तिच्याशी बोलणं टाकलं ते आजही तसंच आहे. ती त्याच्या दारात दर नाताळला पेस्ट्या ठेवून येते. पश्चात्ताप झाला का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, रूबेनचा, हो.