बाबांचा होकार

बाबांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर सकाळी अठ्ठ्याऐंशीचा आकडा होता, दुपारी बाराला शहाऐंशी. मी वहीत वेळ आणि आकडा लिहून ठेवत होतो. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. जवळचं माणूस म्हणजे मेहकरची ताई. खामगावला बस बदलून ती जळगाव जामोदला आमच्या घरी पोचली तेव्हा दीड वाजला होता. तिने पाय धुतले, बाबांच्या कपाळावर हात ठेवला आणि मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं.

"मले बाबाले एक विचारायचं आहे," ती म्हणाली. "तू आडवा येऊ नको."

काय विचारायचं ते मला ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी तिचा मुलगा तापाने बेशुद्ध पडला, तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती बाई दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करत राहिल्या. मुलगा उठला, आणि ताई येशूची झाली. घरात थोडी कुरकुर झाली, मग सगळे सरावले. सणाला ती यायची, पुरणपोळी खायची, आरतीच्या वेळी मात्र अंगणात जाऊन बसायची. तिच्या श्रद्धेचा मला त्रास नव्हता, एक गोष्ट सोडून. येशूला न मानता जो मरतो तो नरकात जातो आणि कायमचा तिथेच राहतो, असं ती मानते. सगळे ख्रिस्ती तसंच मानतात का, मला माहीत नाही. ती मानते.

"बाबाचं वय ब्याऐंशी," मी म्हणालो. "सगळं आयुष्य चुकीचं धरलं, तरी ते ब्याऐंशी वर्षांत संपते. शिक्षेले मात्र शेवट नाही. हे गणित कोण्या शाळेत बसते?"

"तुले सगळ्याचा हिशेबच पाह्यजे."

"हाव, पाह्यजे. अन् आईचं काय?"

आई अकरा वर्षांपूर्वी गेली. तेव्हा येशूचं नाव ताईलाही माहीत होतं ते फक्त कॅलेंडरवरच्या सुट्टीपुरतं. ताईने पातेल्यावरचं झाकण काढलं, आत न बघताच पुन्हा ठेवलं.

"आईचं मी रोज विचारते त्याले," ती म्हणाली. "तो काही सांगत नाही."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला आमची विहीर आठवली. ती चार घरांत सामाईक, आणि पाण्याच्या पाळ्या बाबा लावायचे. कोणाची पाळी चुकली, मग तो लग्नाला गेलेला असो की पिऊन पडलेला, बाबा आपल्या पाळीतले दोन तास त्याला द्यायचे. शाळेत असताना मी त्यांना पाटीवर तासांची बेरीज करून दाखवायचो आणि भांडायचो. ते म्हणायचे, "पाळी चुकली म्हून त्याचं पीक जाळाचं का बे?"

"बाबानं पाळी चुकल्यापायी कोणाचं पीक जळू देल्लं नाही," मी म्हणालो. "तुहा देव बाबाहून कोत्या मनाचा हाय का?"

तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "म्हणूनच सांगून राह्यली. त्यायची पाळी अजून संपली नाही. माणूस विहिरीत पडताना मले दिसून राह्यला, अन् तू म्हंतं दोर टाकू नको."

तिचा नरक मला खोटा वाटत होता, तिची भीती मात्र खरी होती. एकदाच विचार, एवढं म्हणून मी बाजूला झालो.

यंत्रावर चौऱ्याऐंशी होते. ताई बाबांच्या कानाशी वाकली. "बाबा, येशूनं तुमच्यासाठी जीव देल्ला. त्याले आपलं म्हणा. एकदाच म्हणा."

बाबांनी डोळे उघडले आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मी दाराची चौकट धरून उभा होतो. त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं, हेही लिहायला हवं.

"कसं म्हणू?" त्यांनी विचारलं.

ती एकेक शब्द सांगत गेली आणि ते मागून म्हणत गेले, मध्येमध्ये दम घेत. शेवटी म्हणाले, "हाव. झालं?"

ताई रडत मोरीवर तोंड धुवायला गेली. बाबांनी बोटाने मला जवळ बोलावलं.

"पोरीचं मन राह्यलं," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "तिले जेवू घाल. सकाळची उपाशी असंल."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ते गेले.

तेरवी झाल्यावर मी ताईला बसस्टँडवर सोडायला गेलो. बाकावर बसल्यावर म्हणाली, "भाऊ, मी तोंड धुवाले गेली तवा बाबा तुह्यासंग काही बोलले का?"

"काऊन?"

"त्यायनं मनातून म्हटलं, की माह्यासाठी म्हटलं? मनातून नसंल तर येशू ते धरत नाही. तुले विचारते, कारण तू खोटं बोलत नाही."

बाबांचे तीन शब्द माझ्या जिभेवर होते. ते उच्चारले की बाबा तिच्या मनात कायमचे जळत राहणार होते. ज्या माणसाने मरताना स्वतःच्या दमातून लेकीला एवढं दिलं, त्याला त्याच देण्यासाठी शिक्षा. एवढी सत्ता कोणाच्या हाती असणं बरोबर नाही, असं मी तिच्या देवाविषयी म्हणत आलो होतो. आता ती माझ्या हाती होती.

"बोलले," मी म्हणालो. "म्हणे, तिले जेवू घाल, सकाळची उपाशी असंल."

तिने पदर तोंडाला लावला. खामगावची गाडी फलाटाला लागत होती.

"अन् त्याच्या आधी?"

"आधी काही नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी बाबांनी तिच्याकडे पाहिलं होतं तेवढा वेळ. मग पिशवी उचलली. पायरीवर चढताना वळून म्हणाली, "तुह्यासाठीबी मी रोज मांगते त्याले."

"मांग," मी म्हणालो.