बॉस्टनचं स्टेशन, अल मजाजमध्ये

आमच्या बिल्डिंगमधल्या नेने काकांच्या स्टेशनचे किस्से इतके साठलेत की लिफ्टमध्ये कुणी एक सुरू केला, तर दहाव्या मजल्यापर्यंत संपत नाही. मग दारात पाय अडकवून पुढचा ऐकायचा!

शारजातल्या आमच्या अल मजाज भागात दिवाळीच्या किल्ल्याला माती कुठली? म्हणून आमचं मंडळ पुठ्ठ्याच्या किल्ल्यांची स्पर्धा ठेवायचं. मी आणि शेजारचा रोहन आयडिया मागायला काकांकडे गेलो. काका म्हणाले, "किल्ला सगळेच करतात. तुम्ही माझं स्टेशन करा!"

काका तरुणपणी बॉस्टनला शिकायला होते. तिथे भर शहरात लोखंडी खांबांवरून रेल्वे धावायची. खाली रस्ता, वर स्टेशन! रस्त्यावर भर दुपारीसुद्धा सावली, आणि गाडी आली की दुकानांच्या काचा थरथरायच्या. पुढे रेल्वे दुसऱ्या मार्गाने नेली आणि स्टेशन पाडून टाकलं. काकांकडे त्याचा एकही फोटो नव्हता. त्यात साठी झाल्यामुळे त्यांची नोकरी आणि व्हिसा, दोन्ही संपत होतं. स्पर्धेच्याच शुक्रवारी ते काकूंना घेऊन कायमचे पुण्याला निघणार होते.

"जायच्या आधी एकदा बघायला मिळालं, तर बरं वाटेल," एवढंच ते म्हणाले. झालं! आम्ही पेटलो!

*

खांबांसाठी नळ्या हव्या होत्या. रोहनने किचनमधला फॉइलचा नवाकोरा रोल पूर्ण उलगडला आणि आतली नळी घेऊन पसार! त्याची आई किचनमध्ये आली. ओट्यापासून फ्रीजपर्यंत नुसती चांदी!

"अरे, हा शालू कुणी सोडून ठेवलाय?"

पुढचा आठवडाभर रोहनच्या डब्यातली पोळी चुरगळलेल्या शालूत!

*

रोहन जन्मापासून शारजात. मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र काना-मात्रा गळतात. मंडळातल्या एका मावशींनी फोनवर विचारलं, "काय रे, कसलं मॉडेल करताय?"

रोहन म्हणाला, "नेने काकांचं स्टेशन आहे ना, ते पडलं. टोटल खलास!"

संध्याकाळपर्यंत बातमी फिरली, 'नेने काका स्टेशनवर पडले!' तीन मावश्या शिरा घेऊन हजर. दार उघडलं खुद्द काकांनी, धडधाकट!

"पडलं नाही रे, पाडलं!" काका रोहनवर ओरडले. "एक काना खाल्लास आणि मला प्लास्टरमध्ये घातलंस!"

मग मावश्यांकडे वळून हळूच म्हणाले, "शिरा मात्र राहू द्या."

*

छप्पर तांब्याचं होतं, असं काका म्हणाले. आम्ही रोहनच्या घरी बसून तांबडं रंगवलं.

"हिरवं करा."

"काका, कॉपर इज ब्राऊन!" रोहन म्हणाला.

"आईला सांग, देवघरातलं ताम्हन वर्षभर घासू नकोस. मग कळेल कॉपर कसं असतं ते!"

रोहनची आई आतून म्हणाली, "कळतंय हो मला, कुणाला टोमणा आहे तो!"

*

प्रवासी कुठून आणायचे? आमच्याकडे भारतातून आणलेले मावळे होते. तेच भाल्यांसकट प्लॅटफॉर्मवर उभे केले. काकांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या वेळी एवढ्या शिस्तीत कुणी उभं राहायचं नाही!"

*

शुक्रवारी परीक्षक टेबलापाशी आले. रोहन नेमका पाणी प्यायला गेलेला. मी एकटीच!

"बाळ, हा भुईकोट की जलदुर्ग?"

मी खांबांकडे पाहिलं, मग वर प्लॅटफॉर्मकडे.

"अधांतरी," मी म्हणाले.

परीक्षक इतके हसले की त्यांचं पेन खाली पडलं!

*

पण काकांचा पत्ता नव्हता. आम्ही दोघं सारखे दाराकडे बघत होतो. अखेर ते आले, एअरपोर्टला जाता जाता, खाली टॅक्सी उभी ठेवून. आम्हाला एकदम अपराधी वाटलं. रूळ झाले होते, पण गाडी करायला वेळच उरला नव्हता.

काकांनी चष्मा पुसला, मग ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि डोळे बरोबर प्लॅटफॉर्मच्या उंचीला आणले. तसेच राहिले.

काकू दारातून म्हणाल्या, "अहो, चला ना! विमान चुकेल!"

काकांनी मान न वळवता हात वर केला.

"थांब गं. ही गाडी जाऊ दे."