सुलेमाची बोटभर पदवी

ला पासच्या विद्यापीठात माझ्या लेकीचं, सुलेमाचं हे पाचवं वर्ष. दर चोवीस जानेवारीला आलासितासच्या जत्रेतून मी तिच्यासाठी बोटभर पदवी आणते. जे हवं त्याची इवलीशी प्रतिकृती घ्यायची, तीही ऐन दुपारी बाराला, म्हणजे वर्षभरात खरं होतं. मात्र आपलं आपण घ्यायचं नसतं, दुसऱ्याने द्यायचं. मी शिकलेली बाई, शाळेत शिकवते, पण हे कधी चुकवलं नाही.

यंदा नेहमीच्या दुकानापाशी रेटारेटी होती, म्हणून पलीकडच्या बाईकडे गेले.

“बोला ताई, पटकन. डॉक्टर, वकील, की नवरा? नवरेही आहेत, स्वस्तात.”

“सिव्हिल इंजिनियर. नाव, सुलेमा वाराची.”

तिचं पेन थांबलं. “आमची सुलेमा? अहो, ह्यावरचे विषय, कुलगुरूंची सही, सगळं तिनेच लिहिलंय. तुम्ही कोण तिच्या?”

“मावशी,” मी म्हणाले.

“गुणी पोर. गणितात तिसऱ्यांदा नापास झाली आणि विद्यापीठाने नाव कापलं. दोन वर्षं झाली, आमच्या छापखान्यात असते. म्हटलं, तुझ्यासाठी घे एक. तर म्हणते, ती आई देते दरवर्षी. घरी बोलू नका हं, आईला ठाऊक नाही तिच्या.”

मी पदवी हातात घेतली. लहानपणी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून ती अक्षरं मीच तिच्याकडून गिरवून घेतली होती.

बाराचे ठोके सुरू झाले. “नाव घालू ना?”

“घाला.”

धुरावर पदवी धरून जत्रेतल्या म्हाताऱ्या यातिरीने, म्हणजे आमच्याकडच्या पुजाऱ्याने, मंत्र म्हटले, वर वाइन शिंपडली. “यंदा नक्की,” तो म्हणाला.

घरी सुलेमाने ती दोन्ही हातांनी घेतली. तिची नजर सहीवर बराच वेळ राहिली.

“कुठून आणलीस, आई?”

“नेहमीच्याच दुकानातून.”

कपाटावरच्या एकेकोच्या, आमच्या भरभराटीच्या देवाच्या, गळ्यात आधीच्या चार पदव्या होत्या, त्यांच्या शेजारी तिने ही अडकवली.

जानेवारी म्हणजे आमच्याकडे उन्हाळा; दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाळी वर्गासाठी म्हणून ती निघाली. दारामागची नकाशांची नळी मी तिच्या हातात दिली. नळी रिकामी होती.

“यायला उशीर होईल,” ती चपला घालत म्हणाली. “आज ड्रॉइंग आहे.”

“डबा घेतलास का?” मी विचारलं.