तिसरी पाकळी

मामा गेल्याचा निरोप लोणावळ्याच्या आमच्या चाळीत आणला तो कामशेतच्या बाजाराहून आलेल्या एका भातवाल्यानं. मी तेव्हा शेजारच्या दोघी-तिघींना पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं होतं. "धोंडूआबा गुरव गेलं, परवाच्याला," तो म्हणाला. मी विचारलं, "कुणी सांगितलं? तुम्ही स्वतः पाहिलंत?" तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मरणाचा निरोप आणणाऱ्याची कुणी अशी उलटतपासणी घेतं का? पण ही खोड मला लावली ती मामांनीच. आज त्याला महिना उलटून गेला, तरी रडू काही येत नाही...

वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली, भाजे लेण्यांजवळच्या गावात. मामा तिथले गुरव. देवीची पूजा त्यांची आणि कौल लावण्याचा मानही त्यांचाच. देवीच्या दोन्ही अंगांना कण्हेरीची ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघत बसायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पितळेच्या वाटीत पाण्यात पाकळ्या घालून ठेवायचं काम माझं.

पण मामा पाकळीला हात लावण्याआधी प्रश्नालाच हात घालत. एकदा एक जण आला. शेजाऱ्यानं म्हशीवर करणी केली ती या अमावास्येला की मागच्या, एवढंच त्याला हवं होतं. मामा म्हणाले, "आरं बाबा, करनी केली ह्येच आदी कुनी ठरवलं?" तो म्हणाला, समदं गाव म्हणतंय. "समदं गाव म्हंजी किती मानसं? नावं सांग." नावं निघाली दोन, त्यातलं एक त्याच्या बायकोचं! शेजारी गोठ्यावरून गेला आणि म्हैस आटली, एवढाच काय तो पुरावा. "कावळा बसाया आन् फांदी तुटाया एकच गाठ पडली म्हन," असं म्हणून त्यांनी त्याला हिरवा चारा घालायला सांगितलं आणि वाटेला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, मानूस उत्तर परश्नातच दडवून आनतंय. आदी त्ये भाईर काढायचं. दोनच वाटा दाखवल्या, तर तिसरी कुटं हाय त्ये हुडकायचं."

मी हे सगळं गिळत गेले. शाळेत गुरुजींना, घरी आईला, कुणाला म्हणून सोडत नसे. आई म्हणायची, हिला कोण नांदवणार! मामांना मात्र केवढं कौतुक. मी पंधराव्या वर्षी सातवीची फायनल पास झाले, तेव्हा गुरुजी पुण्याच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज घेऊन घरी आले. दोन वर्षं शिकायचं आणि मास्तरीण व्हायचं. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. त्याच आठवड्यात पाटलांनी माझ्यासाठी स्थळ आणलं, लोणावळ्याच्या रेल्वेतलं. पाटलांचा शब्द म्हणजे गावात देवीच्या खालोखाल. मामा म्हणाले, "देवीआईलाच इचारू." मी निर्धास्त झाले. प्रश्न मामा विचारणार होते ना!

देवळात पाटील होते, मुलाकडचे दोघे होते, आई भिंतीला टेकून खोकत होती. वाटी माझ्या हातात. मामांनी दोन पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि म्हणाले, "आई, पोरीचं लगीन ह्या वैशाखात करायचं आसंल तर उजवी दे, फुडल्या वैशाखात आसंल तर डावी."

पुण्याचं नाव त्या प्रश्नात नव्हतंच. खोट कुठे आहे ते मला तिथल्या तिथे दिसलं. बघायला मामांनीच शिकवलं होतं. मी वाटी पुढे करून म्हटलं, "मामा, तिसरी पाकळी राहिली." मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "देवीम्होरं वाद घालायचा न्हाई," एवढंच म्हणाले. उजवी पडली.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी मामांशी एकदाही वाद घातला नाही. नवरा भला मिळाला, ती तक्रार नाही. दिवाळीला जायचे, पाया पडायचे, ते म्हणतील त्याला "होय मामा" म्हणायचे. हीच माझी शिक्षा होती त्यांना, आणि ती त्यांना कळत होती. शेवटच्या भेटीत अंथरुणावरून म्हणाले, "तू आता कायबी इचारत न्हाईस गं." मी म्हटलं, "विचारायचं काही उरलं नाही." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

तेराव्याला मामी म्हणाली, "तुजी आई त्यो पावसाळा काढत न्हाई, वैदानं सांगितलं हुतं त्यान्ला. तिच्या डोळ्यांदेखत तुजं हात पिवळं व्हावं म्हून..." आई माझ्या लग्नानंतरच्या श्रावणातच गेली होती. ऐकून मला मायेचा उमाळा यायला हवा होता. आला तो संताप. मग मला सांगितलं का नाही? आईचं दुखणं मी तराजूत घातलं असतं. कदाचित आपणहून बोहल्यावर उभी राहिले असते. तोलायला शिकवायचं आणि वजन लपवायचं, याला दगा नाही तर काय म्हणायचं?

निघण्याआधी एकटीच देवळात गेले. तीच पितळेची वाटी, पाण्यात कण्हेरीच्या तीन पाकळ्या. लहानपणच्या सवयीनं हात पुढे झाला. दोन पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "आई, मामांनी मला फसवलं ते पाटलांच्या भीतीनं असेल तर उजवी दे, मानाच्या लोभानं असेल तर डावी."

तिसरी पाकळी वाटीत तरंगत होती. ती कशासाठी आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी ती लावली नाही.