एका हातची भाकरी

माझे चुलते फौजेतून निवृत्त होऊन आले ते अल्सेशियनचं पिल्लू घेऊनच. आमची वस्ती कोरेगावच्या बाजूला, उसाच्या रानात. चोरानं तुकडा टाकून फितवू नये म्हणून राखणीच्या कुत्र्याला एकाच माणसानं खाऊ घालायचं, अशी आमच्याकडं रीत. चुलत्यांनी ती पलटणीच्या शिस्तीनं पाळली. दुसऱ्या कुणाच्या हातचं ते कुत्रं खात नसे आणि आम्हा सगळ्यांना त्याचं कौतुक वाटे.

चुलते अचानक गेले. मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होतो, आमच्या घरातून तिथवर पोचलेला पहिलाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तर कुत्र्याच्या बरगड्या दिसत होत्या. भाकरी पुढं सरकवणाऱ्या गड्याचा हात त्यानं फाडला होता.

"गोळी घालायची. शेजारी बंदूक हाय," वडील म्हणाले.

"आबा, सुट्टी संपायच्या आत मी त्याला जागा बघतो."

"बघ. शिकलायस न्हवं?"

सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला वखारीवर राखणीचं कुत्रं हवं होतं. मी भेटायला गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "चावतं का?"

काय सांगावं, याचा एस.टी.त बसल्यापासून विचार करत होतो. शेवटी अडखळत सगळं खरं सांगितलं, गड्याच्या हातासकट.

"आरं, हमालांची पोरं खेळत्यात हितं. आन् एकाच्याच हातचं खानार म्हंतोस, मग तू ऱ्हातोस का वखारीत?"

हमाल हसले. व्यापाऱ्यांनी मला चहा पाजला. "खरं बोललास, बरं झालं गड्या. पर कुत्रं न्हाई घेनार मी."

आणखी कुठं विचारावं, मला माहीत नव्हतं. मग रोज संध्याकाळी मी ओळखीचा वास यावा म्हणून चुलत्यांचा खाकी स्वेटर घालून साखळीच्या टोकापलीकडं बसू लागलो, भाकरी धरलेला हात तेवढा त्याच्या टप्प्यात. कुत्रं गुरगुरायचं, मग नुसतं बघायचं. एके दिवशी ते सरपटत पुढं आलं आणि त्यानं माझ्या हातातला तुकडा अलगद घेतला.

"खाल्लं गं बया!" आई ओरडली.

वडील मात्र हसले नाहीत. "आन् तू साताऱ्याला गेल्यावर रं?"

मला हे सुचलंच नव्हतं. मग आईला शेजारी बसवून तिच्या हातात भाकरी दिली आणि तिच्या हाताखाली माझा हात धरला. कुत्र्यानं दात दाखवले. रोज दाखवले. सुट्टी संपत आली तरी ते माझ्याच हातचं खात होतं.

निघायच्या दिवशी आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्यांतली एक मी त्याला भरवली, बाकीच्या त्याच्यापुढं ठेवल्या. त्यांना त्यानं तोंड लावलं नाही. ते माझ्या रिकाम्या हाताकडं बघत राहिलं.

"आबा, बंदूक आणू नका."

"न्हाई आनत," वडील हळू आवाजात म्हणाले. "पर खानार हाय का ते?"

फाट्यावर एस.टी. येऊन थांबली होती. मी पिशवी उचलली.