सागाच्या झाडाला लागलेला चेंडू

काही क्षणांपुढे माणसानं मान खाली घालूनच उभं राहावं. वर्षानुवर्षांची साधना आणि निव्वळ दैव एका जागी येतात, असा क्षण फार थोड्यांच्या वाट्याला येतो. मी अशा एका क्षणी हजर होतो आणि माझी मानही खाली होती. माझ्या पँटला कुसळं चिकटली होती आणि मी ती काढत होतो.

त्यामुळे आमच्या शेजारच्या साहेबांचा चेंडू एकाच फटक्यात भोकात गेला, तो मी पाहिला नाही. फक्त ऐकला. आधी काठीचा आवाज आला. मग साहेबांच्या तोंडून एक शब्द आला, जो मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. मग लाकडावर काही आपटल्याचा खट् असा आवाज, आणि त्यानंतर बराच वेळ काहीच नाही.

"गेला," डॉक्टर म्हणाले.

"कुठं गेला?" साहेबांनी विचारलं. त्यांनी वैतागून पाठ फिरवली होती.

"भोकात गेला न जी. अजून कुठं जाईन?"

यवतमाळला गोल्फ खेळतात हे यवतमाळलासुद्धा फारसं माहीत नाही. दारव्हा रोडला डॉक्टरांची मुरमाड जमीन आहे. तिथं तूरही धड येईना, म्हणून दवाखाना बंद केल्यावर त्यांनी तिथं पाच भोकं पाडली आणि पाच झेंडे रोवले. हिरवळ नाही. प्रत्येक भोकाभोवती वाळूचं एक गोल अंगण आहे, वाळू उडू नये म्हणून तिच्यात गाडीचं जुनं तेल कालवलेलं. या वाळूवर चेंडू घरंगळला की रेघ उमटते. आपला डाव झाला की बाजूला ठेवलेलं पोतं फिरवून ती रेघ पुसायची आणि पुढच्याला कोरी वाळू द्यायची, ही तिथली रीत. रोज येणारे आम्ही तिघं. डॉक्टर मालक म्हणून, साहेब खेळाडू म्हणून आणि मी, निवृत्त प्राध्यापक, चालणं होतं म्हणून.

साहेब पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. फटका मारण्यापूर्वी ते वाऱ्याकडे बघायचे, उताराकडे बघायचे, पायाखालची माती बुटानं दाबून बघायचे. त्यांचा चेंडू सहसा झेंड्याच्या आसपास पडायचा. त्या सकाळी मात्र तो भलतीकडेच, डावीकडे गेला. तिकडे बांधावर एक साग आहे. सागाच्या खोडानं चेंडू परत पाठवला, तो वाळूवर आला आणि भोकात पडला.

आम्ही तिघं तिथं पोचलो तेव्हा रेघ स्पष्ट दिसत होती. ती समोरून आलीच नव्हती. बांधाकडून आली होती, एका खड्याला वळसा घालून. साहेब उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिले, पंचनाम्याला बसल्यासारखे. मग डॉक्टरांनी सवयीनं पोतं उचललं आणि फिरवलं.

"राहू द्यायची होती थोडी," साहेब म्हणाले.

"काहून? तुम्ही तं जिंकले."

दुसऱ्या दिवशी बागेत फिरायला येणाऱ्या सगळ्यांना बातमी कळली होती. डॉक्टर सांगत होते तेव्हा साग त्यांच्या बोलण्यात होता. बागेची दुसरी फेरी होईपर्यंत तो गळाला. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचे अध्यक्ष हे ऐकून गंभीर झाले. ते गंभीर झाले की सत्कार होतो. आमच्या गावात सत्कार व्हायला फार कारण लागत नाही. माझ्याकडे इतक्या शाली आहेत की त्यांना ऊन दाखवायला गच्ची पुरत नाही. पण या वेळी कारणही होतं. असा फटका साऱ्या जिल्ह्यात कुणी मारलेला नाही, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. ते बहुधा खरंही असावं, कारण मारणारे आम्ही तिघंच. मुख्य भाषण माझ्याकडे आलं. मी पुस्तकं वाचतो, याची शिक्षा मला अधूनमधून होत असते.

सत्काराच्या आदल्या संध्याकाळी साहेब आमच्या ओसरीवर येऊन बसले. चहा आला. त्यांनी तो प्यायला नाही.

"सर, उद्या तुम्ही काय बोलणार?"

मी एक वाक्य तयार केलं होतं, ते वाचून दाखवलं. दैव दारावर थाप मारतं हे खरं, पण त्या दारापर्यंत माणसाला त्याचं कौशल्यच घेऊन जातं, असं काहीसं होतं ते.

"वाक्य चांगलं आहे," साहेब म्हणाले. "पण झाड डावीकडं होतं."

मी कागद घडी करून ठेवला.

मग ते बोलू लागले. नोकरीच्या सुरुवातीला फुलसावंगीच्या पुढं त्यांनी एक तलाव बांधला होता. लहानसाच, मातीच्या भिंतीचा. भिंतीच्या पोटात काळ्या मातीचा गाभा थराथरानं दाबत न्यायचा असतो. एक थर नीट दबला नाही म्हणून त्यांनी तो उकरून काढायला लावला होता. जादा पाणी निघून जायचा सांडवा नकाशात होता त्याहून रुंद हवा, म्हणून ते वरिष्ठांसमोर अडून बसले होते. सांडवा रुंद झाला, पण बोलणी खूप खावी लागली.

"मग एका पावसाळ्यात असं पाणी आलं, सर, की खालचं गाव टेकडीवर जाऊन बसलं. पाणी भिंतीच्या काठाला टेकलं होतं. मी जीपनं पोचलो तं भिंत जागच्या जागी. सांडवा धो धो वाहून राह्यलेला. मी तिथं उभा राहून रडलो, खरं सांगतो. तेवढ्यात गावातल्या बाया आल्या आणि भिंतीले हळदकुंकू लावू लागल्या. एक म्हातारा मले म्हणे, साहेब, तुमचं नशीब लय जोरदार, आईनं रातभर भिंत धरून ठेवली."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? देवीच्या विरोधात बोलू? हात जोडले."

रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली.

"जे मी केलं ते नशिबाचं झालं," साहेब म्हणाले, "आणि जे झाडानं केलं त्याच्यासाठी मले शाल. उद्या मी स्टेजवरून दोन्ही सांगणार. एकदा तरी हिशेब बरोबर लागू द्या."

मी होकार दिला. माझी काही हरकत नव्हती; त्यामुळे माझं भाषण निम्म्यावर येणार होतं.

सभागृह भरलं होतं. मागच्या फलकावर साहेबांचा फोटो होता आणि त्याखाली 'जिल्ह्याचे भूषण'. शाल घातली, श्रीफळ दिलं, टोपी थोडी लहान पडली. मी मोजकं बोललो आणि सागाचा उल्लेख केला. सभागृह हसलं. विनोद करणारा वक्ता अशी माझी ख्याती आहे. ती मी कशी मिळवली हे मला कळलेलं नाही.

मग साहेब उठले. त्यांनी कागद आणला नव्हता.

"तो फटका चुकला होता," ते म्हणाले. "माझा चेंडू डावीकडं गेला. झाडाला लागून परत आला. त्यात माझं काहीही नाही. या शालीवर माझा हक्क नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे सत्कारमूर्तीनं आपण या सत्काराला पात्र नाही असं म्हणायचंच असतं. प्रत्येक जण म्हणतो. मीही चार-पाचदा म्हटलं आहे. पण इतक्या तपशिलानं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून टाळ्या नेहमीपेक्षा लांबल्या.

साहेब थांबले. त्यांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी आवाज चढवून पुन्हा सांगितलं, की खरंच तसं झालं, डॉक्टरांना विचारा. पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांनी नम्रपणे मान हलवून श्रेय नाकारलं. साहेब मग तलावाकडे वळले. काळी माती सांगितली, उकरलेला थर सांगितला, सांडवा किती रुंद आणि का, तेही सांगितलं. सभागृह शांत झालं. सांडवा आला तेव्हा मागं बसलेली एक बाई पदरानं डोळे पुसत होती. क्षणभर मला वाटलं, हिशेब लागला.

सूत्रसंचालकांनी माईक हाती घेतला.

"केवढा हा विनय," ते म्हणाले. "आपलं श्रेय एका झाडाला देणारा माणूस आज आपण पाहिला. आणि तलावाचा तो दृष्टान्त. मन भरलं की अहंकाराला वाट करून द्यावी, सांडवा रुंद ठेवावा. आपण सर्वांनी हा सांडवा घरी घेऊन जाऊ."

पुन्हा टाळ्या झाल्या. साहेब उभेच होते, हातात नारळ. अध्यक्षांनी त्यांना हळूच खाली बसवलं.

बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं, "सर, दृष्टान्त म्हणाला का तो?"

"हो."

"तलाव आहे तिथं. अजून भरते."

"मला माहीत आहे."

साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, शेजारी चालत होत्या. लग्न झालं तेव्हा तो तलाव अर्धा बांधून झाला होता. त्याच्या पायी नवरा किती रविवार घरी नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. "तुम्ही कायले सगळ्या गावाले समजावून राह्यले?" त्या म्हणाल्या. "मले मालूम आहे न. चला, शाल काढा पहिले, घामानं ओले झाले पार."

साहेबांनी शाल काढून त्यांच्या हातात दिली. त्या रात्री जेवण मात्र नीट केलं, असं वहिनींनी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा दारव्हा रोडला गेलो. त्याच भोकासमोर साहेबांनी वारा बघितला, उतार बघितला, माती दाबली. या वेळी मी मान वर ठेवली होती. इतका सरळ फटका मी त्या मुरमावर पाहिलेला नाही. चेंडू समोरून वाळूवर उतरला, एक नीट रेघ ओढत गेला आणि भोकापासून वीतभर अलीकडे थांबला.

डॉक्टरांनी पोतं उचललं. "आज नशीब नव्हतं तुमचं," ते म्हणाले.

साहेबांनी डॉक्टरांना हातानं थांबवलं, रेघेच्या बाजूनं चालत गेले, आणि मग पोतं मागून घेऊन ती स्वतः पुसली.

सत्कारात मिळालेलं स्मृतिचिन्ह त्यांच्या बैठकीत, दारातून आलं की समोरच दिसेल असं ठेवलेलं आहे. साहेबांचं नाव त्यावर बरोबर कोरलं आहे. दुकानात गोल्फचा पुतळा नव्हता, त्यामुळे वरचा सोनेरी माणूस बॅडमिंटन खेळतो.